वाफा कुणाचा, मुलांचा की घराचा?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुम्ही इतिहासाच्या बाई, तेव्हा इतिहासावर काहीतरी द्या" असा संपादक मंडळाचा निरोप आला. सोसायटीचा इतिहास इतर मंडळी लिहितीलच. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, टँकरचा उन्हाळा, लिफ्टचं प्रकरण, सगळं येईल. मी जरा वेगळा विषय घेतला आहे. लहान मुलांना हाताशी घेऊन घरची भाजी पिकवण्याचा इतिहास.

याला निमित्त आहे. इमारतीमागचा ६० फूट लांब आणि १८ फूट रुंद पट्टा, जिथे आपले भाजीचे वाफे आहेत, त्याचं पुढे काय करायचं हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. पेव्हर ब्लॉक घालून तिथे गाड्या लावाव्यात अशी एक सूचना आहे. ठेवायचाच तर "मुलांसाठी बालोद्यान" म्हणून ठेवा, अशी दुसरी. दोन्ही सूचना करणारे आपलेच लोक आहेत आणि दोन्हींमागे कारणं आहेत. पण ठरवण्याआधी हेच प्रश्न आपल्या आधी कुणाकुणाला पडले आणि त्यांनी काय केलं, हे माहीत असलेलं बरं. इतिहासाचा उपयोग तेवढाच असतो, आणि तेवढा पुष्कळ असतो.

'के.जी.'मधला 'जी'

आपण सहज म्हणतो, "नात ज्युनिअर के.जी.ला आहे." या के.जी.मधला 'जी' म्हणजे बाग. 'किंडरगार्टन' हा जर्मन शब्द, अर्थ मुलांची बाग. तो रूढ केला फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. जन्म १७८२चा. वर्षाचे व्हायच्या आतच आई गेली. पंधराव्या वर्षी ते जंगलखात्यातल्या एका माणसाकडे उमेदवारीला राहिले आणि झाडापेडांत रमले. पुढे शिक्षक झाले. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावी त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं.

आपल्याला वाटतं की हे नाव नुसतं गोड म्हणून दिलं असेल: मुलं म्हणजे फुलं, बाई म्हणजे माळीण वगैरे. तसं नव्हतं. फ्रोबेलांच्या योजनेत खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा. त्यावर मुलाच्या नावाची आणि लावलेल्या रोपाच्या नावाची पाटी. आणि या छोट्या वाफ्यांच्या भोवती सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे, त्यांत धान्य, भाज्या, फुलं. एकाचं एकट्याचं मधे आणि सर्वांचं भोवती, जणू मोठ्यांनी लहानांना कडं करून जपावं. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रशियाच्या सरकारला या शाळांत नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा वास आला. १८५१ मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली १८६० मध्ये. त्यानंतर ही कल्पना जगभर गेली, पण जाताना एक गंमत झाली. फ्रोबेलांचे लाकडी ठोकळे गेले, चेंडू गेले, गाणी गेली. बाग मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिली. ठोकळे कपाटात मावतात. बागेला जमीन लागते, पाणी लागतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीतही तिच्याकडे बघणारं माणूस लागतं.

आपल्या मराठीने मात्र नकळत बाग परत आणली. आपण 'बालवाडी' म्हणतो, आणि वाडी म्हणजे कोकणातल्या माणसाला विचारा! नारळीपोफळीची वाडी, केळीची वाडी. तीच वाडी म्हणजे चारदहा घरांची वस्तीही. झाडं आणि माणसं दोन्हींसाठी एकच शब्द. इंग्रजीतल्या 'गार्डन'मध्ये घरं नाहीत, आपल्या वाडीत ती आहेत.

लाइपझिगचं मैदान

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी काही वर्षं जर्मनीत लाइपझिग शहरात होती, म्हणून ही जागा मला पाहता आली. तिथे भाजीच्या आणि फळांच्या छोट्या कौटुंबिक बागांचं एक संग्रहालय आहे. या बागांना लोक 'श्रेबरगार्टन' म्हणतात.

श्रेबर हे लाइपझिगमधले हाडांचे डॉक्टर. पूर्ण नाव डानिएल गोटलोब मोरिट्झ श्रेबर, काळ १८०८ ते १८६१. शहर झपाट्याने वाढत होतं, १८७० च्या सुमारास लोकसंख्या लाखावर गेली. कारखाने आले, चाळी आल्या, मुलांना पळायला जागा उरली नाही. मुलांना उघड्यावर खेळ हवा, व्यायाम हवा, असं डॉक्टर लिहीत असत. माणूस तसा कडक. मुलांनी ताठ बसावं म्हणून पट्टे आणि सांगाडे वापरायला सांगणारा. पुढे त्यांचा न्यायाधीश झालेला मुलगा मनाच्या आजाराने ग्रासला. त्याने लिहिलेल्या आठवणींवर फ्रॉइडने १९११ मध्ये लेख लिहिला आणि श्रेबर हे नाव मानसशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. गंमत अशी की ज्यांच्या नावाने जर्मनीतल्या लाखो बागा ओळखल्या जातात, त्या डॉक्टरांनी त्यातली एकही लावली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी १८६४ मध्ये पालकांना घेऊन एक संघ काढला. दिवंगत डॉक्टरांच्या आठवणीत त्याला श्रेबरांचं नाव दिलं. १८६५ मध्ये संघाने मुलांसाठी मैदान सुरू केलं. नुसतं मैदान, गवत आणि खेळ. भाजीचा पत्ता नाही.

मग आले कार्ल गेझेल. निवृत्त शिक्षक. (निवृत्त शिक्षकांना स्वस्थ बसवत नाही हे सर्व देशांत सारखंच दिसतं.) त्यांच्या मनात आलं की खेळाच्या जोडीला मुलांना मातीकामही द्यावं. म्हणून मैदानाच्या कडेला त्यांनी मुलांसाठी वाफे आखले. मुलं आली, त्यांनी खणलं, बिया टाकल्या, पाणी घातलं. आणि थोड्याच दिवसांत ती मैदानात खेळायला निघून गेली. वाफ्यांत तण माजलं.

इथे ती योजना बंद पडायची. कुठल्याही समितीने "मुलांना आवड नाही" असा शेरा मारून फाइल मिटली असती. पण लाइपझिगमध्ये वेगळंच झालं. मुलांना मैदानावर घेऊन येणारे आईबाप कडेला उभे असत. त्यांनी तण उपटायला सुरुवात केली. मग उरलेल्या जागेत स्वतःची भाजी लावली. मग रविवारचा डबा घेऊन अख्खं घरच येऊ लागलं. मुलांचे वाफे घरांचे वाफे झाले. दोनेक वर्षांत अशा जागा शंभराच्या आसपास गेल्या. आणि मुख्य म्हणजे मुलं परत आली. आता वाफ्यात त्यांचं कुणीतरी होतं. आई वाकून काम करत असली की चार वर्षांचं पोर आपोआप शेजारी येऊन बसतं, त्याला बोलवावं लागत नाही.

मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मुलांचा वेगळा वाफा टिकला नाही. घराचा वाफा टिकला, आणि त्यात मुलं टिकली.

पुढे संघाने नियम केले, वर्गणी ठरवली, सभा होऊ लागल्या. म्हणजे आपल्यासारखाच कारभार. शहर वाढलं तसं मूळ जागा सोडावी लागली आणि संघाने दुसरीकडे बाग मांडली. तिथे आजही मधे खेळायची हिरवळ आणि भोवती घराघरांच्या बागा आहेत. फ्रोबेलांच्या नकाशाशी जुळवून पाहा: मुलं मधे, मोठ्यांचं काम भोवती. कुणी ठरवून केलं नसेल, तण उपटता उपटता तसं होऊन गेलं.

या बागा दीडशे वर्षं टिकण्याचं दुसरं कारण कायदा. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, जर्मनीने छोट्या बागा कसणाऱ्यांना संरक्षण दिलं. जागेचं भाडं वाटेल तसं वाढवता येणार नाही आणि वाटेल तेव्हा उठवता येणार नाही. सध्याचा कायदा १९८३चा. त्यानुसार एका बागेची जागा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये. आतलं लाकडी खोपटं ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर लोक तिथेच बंगला बांधतील! साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यात असाही दंडक आहे. नुसती हिरवळ करून आरामखुर्ची टाकली तर चालत नाही.

अर्थात तिथेही सगळं गोड नाही. कुंपणं आली, कुंपणांची उंची मोजणारे आले, शेजाऱ्याच्या फांदीवरून भांडणं आली. कौटुंबिक बागेला हा धोका कायमच असतो. घराचा वाफा म्हणता म्हणता तो 'आमचा' होतो, आणि दुसऱ्याच्या मुलाने पाय ठेवला तर आपल्याला राग येतो.

एडिंबरो ते मुंबई

ही फक्त जर्मनांची गोष्ट नाही. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तिच्या जुन्या भागात दाट, उंच, काळवंडलेल्या चाळी. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस मुद्दाम त्या वस्तीत राहायला गेले. घरांच्या मधल्या पडीक जागा, जिथे लोक कचरा टाकत, त्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढून मोजल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्यांची मुलगी नोरा हिच्या पुढाकाराने त्यातल्या काही जागांच्या छोट्या बागा झाल्या, वस्तीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. 'वेस्ट पोर्ट'ची बाग त्यातलीच, ती अजून आहे.

हे गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. आपल्या अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. त्यांचा आग्रह असा की गर्दीची आळी सरसकट पाडू नका. बेताची, जपून शस्त्रक्रिया करा. पडायला आलेली एकदोन घरं काढा, तिथे मोकळी जागा ठेवा, झाड लावा, लोकांना तिथेच राहू द्या. मोठ्या उद्यानापेक्षा दारातली छोटी जागा जास्त उपयोगी पडते, कारण तिथपर्यंत लहान मूल एकटं चालत जाऊ शकतं. आपला मागचा पट्टा म्हणजे अशीच जागा आहे. महापालिकेचं उद्यान पाऊण किलोमीटरवर आहे, पण मधे हायवे आहे.

युद्धातली भाजी

दुसऱ्या महायुद्धात घरच्या भाजीला सरकारी मान मिळाला. ऑक्टोबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये 'विजयासाठी खणा' ही मोहीम सुरू झाली. भाड्याने कसायच्या भाजीच्या तुकड्यांची संख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, ती चौदा लाखांवर गेल्याचं सांगतात. लंडन टॉवरच्या किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाज्या लावल्या. मुलांसाठी 'डॉक्टर कॅरट' आणि 'पोटॅटो पीट' अशी चित्रं काढली. म्हणजे गाजर आणि बटाटा हे त्या वेळचे कार्टून हिरो होते.

इकडे मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं. त्याच सुमारास 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. आपल्यातल्या ऐंशीच्या पुढच्या आजीआजोबांना विचारा, घोषणा त्यांना आठवेल. परस असलेल्या घरात परसबाग नवीन नव्हतीच. न्हाणीघराचं पाणी अळवाला आणि केळीला, मांडवावर घोसाळी नाहीतर पडवळ, कुंपणावर वाल. त्यात मुलांचं काम ठरलेलं असे: शेंगा तोडणं, कोंबड्या हाकलणं, ओट्यावर बसून मेथी निवडणं. त्याला कुणी 'उपक्रम' म्हणत नव्हतं.

युद्ध संपलं, रेशनिंग हळूहळू संपलं (ब्रिटनमध्ये ते १९५४ पर्यंत चाललं) आणि तिकडचे पुष्कळ तुकडे ओस पडले. संकटापोटी लावलेली बाग संकट संपलं की संपते. लाइपझिगची बाग संकटापोटी लावलेली नव्हती, ती रविवारपोटी लावलेली होती. म्हणून ती राहिली.

सेवाग्राम आणि कोसबाड

महाराष्ट्रात या विषयाचे दोन मोठे प्रयोग झाले. पहिला वर्ध्याजवळचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी 'नई तालीम' मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून शिक्षण. कामांच्या यादीत सूतकताई होती, सुतारकाम होतं, शेती होती आणि फळं-भाज्यांची बागही होती. वाफा किती फुटांचा, बियाणं किती लागेल, किती शेर भाजी निघाली, हा सगळा हिशेब म्हणजेच गणित. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ती शाळा निष्ठेने चालवली. पुढे सरकारी शाळांत ती कल्पना पातळ होत होत आठवड्याचा एक 'कार्यानुभवा'चा तास होऊन बसली. माझ्या पिढीच्या शिक्षकांना तो तास ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी जाणारा तास तो!

दुसरा प्रयोग ताराबाई मोडक यांचा. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचं काम करून महाराष्ट्रात आल्या. शहरात बालमंदिरं काढून त्या थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत ना. का येत नाहीत? धाकटं भावंडं सांभाळायचं असतं, गुरं चारायची असतात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, शाळा हलवली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

लाइपझिगचे आईबाप आणि कोसबाडच्या ताराबाई एकमेकांना कधी भेटले नाहीत, काळही वेगळा. पण निष्कर्ष एकच. मुलाला घरापासून, घरच्या कामापासून तोडून वेगळ्या चौकोनात बसवलं की ते पळतं. घरचं काम जिथे चालतं तिथे त्याला जागा द्या, ते थांबतं.

आपला मागचा पट्टा

आता आपल्याकडे या. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिली काही वर्षं मागे बिल्डरचा राडारोडा पडून होता. सातव्या वर्षी तेव्हाच्या कमिटीने हौसेने बालोद्यान केलं. बारा मुलांना बारा वाफे, प्रत्येकावर रंगवलेली पाटी, बालदिनाला नारळ फोडून उद्घाटन. (फ्रोबेलांचं नाव त्यात कुणाला ठाऊक नव्हतं, पण पाट्या अगदी त्यांच्याच!) नाताळच्या सुट्टीत सगळे गावाला गेले आणि जानेवारीत पाट्या तेवढ्या उभ्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यात बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींनी त्यातल्या दोन वाफ्यांत अळू आणि अंबाडी लावली. वॉचमनदादांच्या घरच्या वहिनी मराठवाड्यातल्या, शेतात वाढलेल्या. धणे आख्खे पेरायचे नाहीत, लाटण्याने रगडून दोन डाळी करून पेरायचे, हे अर्ध्या सोसायटीला त्यांनी शिकवलं. आजींच्या मागोमाग त्यांचा नातू आला, नातवाच्या मागोमाग त्याचे मित्र, मित्रांना शोधत त्यांच्या आया. तीन वाफ्यांचे सात झाले, मग अकरा. लाइपझिगमध्ये झालं तेच, फक्त बटाट्याच्या जागी मेथी.

एवढ्या वर्षांत जे दिसलं ते नवीन आईबाबांसाठी लिहून ठेवते.

चारपाच वर्षांच्या मुलाला तीन महिने थांबता येत नाही. म्हणून सुरुवात मेथी आणि मुळ्याने करावी. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याभरात भाजी होते. मुळा पाचसहा दिवसांत उगवतो, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उपटता येतो, आणि मुळा उपटण्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. कोथिंबीर आठदहा दिवस तोंड दाखवत नाही, तोवर मूल रोज माती उकरून "आली का?" बघतं. ती दुसऱ्या वर्षी लावावी. भेंडी दीड महिन्याने लागते, पण मग दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. शाळेतून आल्यावर "आज भेंडीचा दिवस" हे मुलांना बरोबर लक्षात राहतं. दुधीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, मादी फुलामागे इवलासा दुधी असतो. मधमाशी फिरकली नाही तर नर फूल तोडून मादी फुलाला लावावं लागतं. नववीच्या पुस्तकातला धडा सहा वर्षांच्या मुलीला एका संध्याकाळी कळतो.

स्वतः लावलेली भाजी मुलं आवडीने खातात, असा दावा मी करणार नाही. कारलं स्वतः लावलं तरी कारलंच. पण मुळ्याचा पाला घातलेली भाकरी मागून घेणारी पोरं मी पाहिली आहेत. आणि बियाण्यापासून ताटापर्यंतचा वेळ त्यांना समजतो. आपल्या भोंडल्यात कारल्याचं ते गाणं आहे ना, जिथे सासू सुनेला माहेरी जाऊ द्यायला बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत ताटकळत ठेवते? आमच्या वाफ्यावरच्या मुली ते म्हणताना हसतात. किती दिवस लागतात हे त्यांनी मोजलेलं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत या पट्ट्याने आणखी एक काम केलं. तेव्हाच्या कमिटीने एका वेळी एकाच घराने खाली यायचं असं वेळापत्रक लावलं होतं. वीस मिनिटं मिळत. कुणी भाजीसाठी उतरत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांना आकाशाखाली उभं राहायला मिळावं म्हणून लोक झारी घेऊन उतरत. त्या उन्हाळ्यात पालकाच्या जुड्या दारांच्या कड्यांना अडकवलेल्या सापडत, कुणी ठेवल्या हे कळत नसे.

सभेपुढे मांडायचं ते

गाड्यांचा प्रश्न खरा आहे, त्याला मी नाक मुरडणार नाही. पण मोजून पाहिलं. ६० फुटांत सात, फार तर आठ गाड्या बसतील. आपली घरं ४८. सात घरांचा प्रश्न सुटेल, एक्केचाळीस घरांचा राहील, आणि कुणाच्या सात यावरून नवा निघेल. माती एकदा पेव्हरखाली गेली की ती परत येत नाही. एवढ्या वर्षांचं शेणखत, पालापाचोळा आणि गांडुळं विकत मिळत नाहीत.

आणि ठेवायचाच तर 'बालोद्यान' म्हणून नको. ते आपण करून पाहिलं आहे, लाइपझिगने आपल्या आधी पाहिलं आहे. माझ्या सूचना चार आहेत.

एक, वाफा मुलाच्या नावावर नको, घराच्या नावावर द्यावा. ज्या घरात लहान मूल आहे त्याला पहिला मान. ज्या घरी मूल नाही पण येणारे आजीआजोबा आहेत, त्यांनाही द्यावा, फक्त शेजारच्या एका मुलाला सोबत घ्यायचं.

दोन, वाफ्यांना कुंपण नको. मधली दहा फूट जागा मोकळी ठेवावी, खेळायला. मुलं मधे, काम भोवती.

तीन, वाफा वर्षासाठी असावा. सलग तीन आठवडे कुणी फिरकलं नाही तर पुढच्या घराला जावा, भांडण नाही. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं. वॉचमनदादांचं घरही या यादीत असावं, पाहुणे म्हणून नव्हे, हक्काने.

चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची. पाच वर्षांसाठी ठराव करून तो इतिवृत्तात लिहावा. जर्मनीच्या बागांना प्रेमाने जेवढं वाचवलं तेवढंच कागदाने वाचवलं. कमिट्या बदलतात. पुढच्या पंचवीस वर्षांत पुनर्विकासाची बोलणीही येतील. तेव्हा टेबलावर बसणाऱ्यांच्या हातात 'इथे भाजीचे वाफे आहेत आणि ते सभेने ठेवले आहेत' असा एक कागद असला पाहिजे. तो नसेल तर नकाशात ती जागा फक्त 'मोकळी' दिसते, आणि मोकळी जागा कुणीतरी भरतंच.

सभेची सूचना आली की विषयपत्रिका नीट वाचा आणि त्या दिवशी या. मुलांना मत नसतं, ते आपल्याला द्यावं लागतं. ठराव झाला तर मे अखेरीस माती खणून उलटी करू, उन्हं लागू देऊ, आणि पहिल्या पावसाआधी शेणखत घालू. खुरपी तीनच आहेत, ज्यांच्या घरी पडून असतील त्यांनी आणावीत.